भांगात या

शिरवेळ कोळीवाडा
पौष शुद्ध एकादशी

श्रीयुत भावेशराव,

साष्टांग नमस्कार घालणार नाही, विनंती काही नाही, विशेष मात्र पुष्कळ आहे.

तुम्ही फोन उचलत नाही. मेसेज केला तर एक टिक येऊन तिथेच मरते. म्हणजे मला ब्लॉक केलंय, एवढं कळतं मला, बारावी पास आहे मी. म्हणून कागद. अल्पेश मासळीचा टेम्पो घेऊन उरणकडे जातोच, तुमच्या कंपनीच्या गेटवर देईन म्हणाला. वहिनीचं काम फुकटात करणारा एवढा एकच दीर उरलाय मला.

'तुम्ही' वाचून दचकू नका. तुमच्या आयसमोर अहो आणि खोलीत अरे, असं आपलं लग्नापासून चाललेलं. आता खोलीत मी एकटीच असते, तर अरे कुणाला म्हणू? आणि हल्ली तुम्हाला मान देऊन बोलणं आवडतं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

त्या दिवशी मी वलांडीवर बोंबील टाकत होते. तुम्ही दोरीच्या पलीकडे उभे राहून फोनवर बोलत होता. मध्ये ओल्या बोंबलांचा पडदा, म्हणून मी दिसले नाही. "भांगात या," म्हणालात. "भांगात दर्या मोकळा असतो. कोण नसतं तिथं. निवांत बघा, मी सांगतो तुम्हाला." आणि वर हसलात.

भांगात या! अहो, हा शब्द कुणाचा? अष्टमी आली की भांग, पाण्याची ओढ मरते, डोल जाळ्यात काही शिरत नाही, अख्खा कोळीवाडा जाळी वर काढून घरात बसतो. तेवढेच दिवस तुम्ही मोकळे. तेवढेच दिवस तुम्ही खाडी ओलांडून आमच्या गावात यायचा आणि आमच्या जेटीवर उगाच कुणाची तरी जाळी विणत बसायचा. माझ्या बाबांना वाटायचं, काय कष्टाळू पोरगा! मी मेसेज करायचे, "भांगात ये." बाकी काही लिहायला लागायचं नाही. तो शब्द उचलून दुसऱ्या बाईला दिलात. त्यापेक्षा माझं मंगळसूत्र तिला घातलं असतंत तर मला कमी लागलं असतं.

आणि मला 'ये', तिला 'या'! शिकलेली आहे वाटतं.

मी संध्याकाळी विचारलं, कोण ती? तुम्ही माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "नूतन." नूतन कोण? "हाय एक. ऑफिसातली." आय चुलीपुढून उठून आली, तिने कपाळ बडवून घेतलं, आणि तुम्ही बॅग भरली. कंपनीत नोकरी लागली म्हणालात. मी तुम्हाला अडवलं नाही, मला तेव्हा राग इतका आला होता की हात उचलला असता तर तुमच्यावरच उचलला असता.

बोंबील पाठवणार होते. नाही पाठवत. नूतनबाईंना वास येईल.

अजून तरी तुमचीच,
जागृती

पौष वद्य अष्टमी. भांग.

भावेश,

तुम्ही तुम्ही लिहून हाताला गोळे आले. तू तो तूच.

आज सगळे बाप्ये घरी. किनाऱ्यावर जाळी पसरलीयेत, कुणी फाटलेलं विणतंय, कुणी जाळ्यांच्या तरत्या पिंपांना रंग लावतंय, मोबाईलवर गाणी चाललीयेत. प्रत्येकीचा नवरा तिच्या पायात पायात करतोय आणि त्या मला येऊन सांगतात, "बाय गं, कवा उधाण येतं आणि कवा हा जातो असं झालंय." मी हसते. घरात येऊन दार लावून घेते. आपली होडी वर ओढून ठेवलीय, तिच्यात शेजारच्या कोंबड्या अंडी घालतात.

आय म्हणते, "पोरी, बाईचा नाद उतरतो. पिलेला मानूस सकाली शुद्धीवर येतो, तसाच." मी म्हणते, तुझ्या लेकाची सकाळ कधी होणार? ती भात वाढायला घेते. आम्ही दोघी एका ताटलीत जेवतो, कारण दोन काढल्या की तिसरी आठवते.

मी तुझं काय बघत होते इतके दिवस, तेच कळत नाही. मागच्या शिमग्याला तू होडीवर उभा राहून माईकवर बोललास ना, "दर्या कुणाच्या बापाचा न्हाय, कंपनीची जेटी हितं होऊ देणार न्हाय", तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मी बायकांना कोपराने ढोसून सांगत होते, माझा नवरा, माझा नवरा. मग तुमच्या साहेबांनी पक्षाचा झेंडा बदलला. काल ज्याला शिव्या दिल्या त्याच्याच मांडीला मांडी लावून बसले. तू त्यांची गाडी चालवायचास, तू पण गळ्यातला रुमाल बदललास. गावात हेच चाललंय, अर्धे इकडे, अर्धे तिकडे, भावाभावांत बोलणं नाही. मला वाटलं, रुमालच तर बदललाय, माणूस तोच आहे.

तू गेल्यावर मार्गशीर्षात कंपनीचे लोक आले होते, माहीतच असेल तुला. टोप्या घातलेले, हातात यंत्रं. चंदरकाकांनी स्वतःच्या होडीतून त्यांना फिरवून आणलं. त्यांची शकूकाकी म्हणाली, घरात बसून असण्यापेक्षा डिझेल तरी सुटलं. कुणी लक्ष दिलं नाही. हल्ली रोज कोणी ना कोणी मोजायला येतंच.

नूतनला स्वयंपाक येतो का रे? तिला एवढंच सांग, तुझ्या पोटाला रात्री वाल चालत नाहीत. नाहीतर नको सांगूस. होऊ दे.

जागृती

माघ शुद्ध षष्ठी

भावेश,

काल गावकी बसली. देवळासमोर, माणसं मावत नव्हती. सोसायटीचा परेश कंपनीचा रिपोर्ट घेऊन आला होता, जेटीची परवानगी मागताना जोडलाय तो. इंग्रजी होता, त्याने मराठी करून वाचला. आपल्या खुंटांच्या जागेबद्दल त्यात लिहिलंय की पाहणीच्या दिवशी तिथे एकही जाळं, पिंप किंवा होडी दिसली नाही. म्हणजे या पट्ट्यात मासेमारी चालत नाही. म्हणजे जेटी झाली तर कुणाचंच काही जात नाही.

आधी कुणाला समजेना. जाळी नाहीत म्हणजे? जाळी बांधायचे बापजाद्यांचे खुंट आहेत तिथे, तळात रोवलेले. मग मागून कोणी तरी ओरडलं, "तारीख काय हाय?" परेशने तारीख वाचली. म्हाताऱ्यांनी बोटांवर तिथी लावली. शुद्ध अष्टमी.

सर्व्हे भांगात केला, भावेश. ज्या दिवसांत शिरवेळचं एक जाळं पाण्यात नसतं, नेमके ते दिवस. पिंपंसुद्धा रंगवायला किनाऱ्यावर. मोकळा दर्या बघितला, फोटो काढले, लिहून टाकलं की कोणी नाही. जेवणाच्या सुट्टीत शाळा बघायची आणि लिहायचं, हितं पोरंच येत नाहीत.

मग सुरू झालं. शहरातल्या माणसाला भांग काय, उधाण काय, काय कळतं? त्याला तिथी कुणी सांगितली? गावातलाच कुणीतरी. आणि सगळ्यांच्या माना चंदरकाकांकडे वळल्या. होडी त्यांची होती ना. ते उभे राहिले, म्हणाले, "मी फकस्त नेला. मना बोलावला, मी गेलू." एवढंच. दुसरं काही बोललेच नाहीत. खाली मान घालून चपला शोधत निघून गेले, आणि न बोलणाऱ्यालाच चोर म्हणतात, तुला माहीत आहे.

मी घरी आले. मला वाटत होतं, म्हाताऱ्यांनी तिथी चुकीची लावली असेल. मार्गशीर्ष म्हणजे मागच्या वर्षाचं कॅलेंडर. नवीन त्याच खिळ्यावर जुन्यावरच टांगलंय मी. वरचं उचललं, जुनं पान पाहिलं. अष्टमीच.

आणि वर, बर्फ कारखान्याच्या नावाखाली, लाल अक्षरांत छापलेलं वाचलं. नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.

मी तिथेच पाटावर बसले. त्या संध्याकाळी तू माझ्या डोक्यावरून बघत होतास, तो या भिंतीकडे. मी विचारलं कोण ती, आणि तू पहिला शब्द वाचलास.

जागृती

माघ शुद्ध अष्टमी. भांग.

बाई असती तर बरं झालं असतं रे.

खरंच सांगते. बाई असती तर मी तिच्या दारात जाऊन झिंज्या उपटल्या असत्या. तिला शिव्या दिल्या, तुला दिल्या, तिच्या नावाने रडून घेतलं, उपासही केले. इतके दिवस मी एका कॅलेंडरशी भांडत होते. माझं नाव जागृती! काय बघून ठेवलं असेल आईबाबांनी.

'या' म्हणालास. मी ऐकलं होतं, पहिल्या पत्रात लिहिलं पण होतं. बाईला कोण 'या' म्हणतं? सायबाला म्हणतात. एवढं सरळ होतं, आणि मला फक्त 'भांगात' ऐकू आलं. कारण तो शब्द माझा होता. दुसऱ्या कुठल्या बायकोने ऐकला असता तर तिला तिथल्या तिथे कळलं असतं.

एक विचारते. लिहून नको पाठवूस, मनातल्या मनात दे उत्तर. आपण पाहुण्यांना भांगातच बोलावतो. दर्या थंड असतो, त्यांना होडी लागत नाही. तसंच साधं बोलून गेलास का? काल पूर्ण दिवस मी हेच स्वतःला समजावत होते. साधा आहे माझा भावेश, चांगल्या मनाने बोलला असेल, गळ्याशी आलं त्याच्या. पण मग नूतन कशाला जन्माला घातलीस? चांगल्या मनाने बोललेलं माणूस बायकोपासून लपवत नाही. बाईलवेडा म्हणवून घेणं तुला परवडलं, पण हे परवडलं नाही. म्हणजे तुला ठाऊक होतं की हे त्याहून वाईट आहे.

तिकडे आपला पण खुंट आहे. तुझ्या बापाचा.

जा.

फाल्गुन शुद्ध चतुर्थी

भावेश,

अल्पेश आला. मान वर करेना. म्हणाला, "वहिनी, भावेशदादाने कागद वाचले. लिहून काय न्हाय दिलं. तोंडी सांगितलंय." आणि खिशातून चावी काढून पाटावर ठेवली.

तुझा निरोप जसा आला तसा लिहिते, म्हणजे अल्पेशने मीठमसाला लावला असेल तर तुला कळेल. बाई आहे असंच बोलत राहा. अलिबागला जेटीची सुनावणी होऊन जाऊ दे. मग मी उघड न्यायला येतो. उलव्यात फ्लॅट घेतलाय, बारावा मजला, चोवीस तास पाणी, खिडकीतून दर्या दिसतो. मासळी आता उरलीय कुठे, रात्री एलईडी दिवे लावणाऱ्या बोटवाल्यांनी सगळी ओरबाडून नेली, धा वर्षांनी हा कोळीवाडा असाच रिकामा होणार. मी आपल्या दोघांसाठी केलं.

आपल्या दोघांसाठी.

मी खोटं नाही बोलणार, मी ती चावी रात्री उशीखाली ठेवली. गारगार लागत होती. नळाचं पाणी, तू, संध्याकाळी जिन्यावर तुझी पावलं. मासळी उरली नाही हे तुझं खोटं नाही. पाटी अर्धी भरते हल्ली, ते मी बाजारात रोज बघते. तू मला बोलून केलं असतंस, "जागू, मला दर्या नको आता, चल जाऊ," तर मी शिव्या घालत, रडत का होईना, आले असते. तुला सोडून राहता येत नाही मला, ते तुला माहीत आहे, म्हणून तर चावी पाठवलीस.

पण चंदरकाकांचं काय? त्याबद्दल तुझ्या निरोपात एक शब्द नव्हता. मी अल्पेशला दोनदा विचारलं.

त्यांना वाळीत टाकलंय. तो शब्द कुणी उच्चारत नाही, कायदा आहे म्हणतात, पोलीस येतात. मग शब्द न उच्चारता करतात. त्यांची होडी लागली की कारखान्यात बर्फ संपतो. लिलावात शकूकाकीच्या पाटीवर कुणी बोली लावत नाही, मासळी तशीच परत. कुलदीपच्या हळदीचं बोलावणं सगळ्या आळीला गेलं, एक घर सोडून. आणि मी पण त्या हळदीला जाऊन, नाचून आले. नवरा बाईपायी गेलेली म्हणून मला सगळ्या जवळ घेतात. तुझ्या नूतनने मला गावात मान मिळवून दिलाय.

चावी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलीय. आयने विचारलं कसली. मी म्हटलं, टेम्पोची, अल्पेश विसरला.

जागृती

फाल्गुन वद्य प्रतिपदा

काल होळी लागली. मला वाटलं होतं, शिमग्याला तरी येशील. शिमग्याला मेलेला कोळी पण उठून येतो असं तूच म्हणायचास.

सगळ्या बायका नटून, नारळ घेऊन होळीपाशी. एकेका घराचा नारळ पाटील हातात घेतो, घराचं नाव पुकारतो आणि होळीला वाहतो. ओळीत शकूकाकी उभी होती. हिरवी साडी, कपाळभर कुंकू. तिची पाळी आली आणि पाटील पलीकडे वळून कुणाशी तरी बोलायला लागले. तिच्या मागचीने हात लांब करून आपला नारळ पुढे केला. मग तिच्या मागचीने. नावं पुकारली जात होती, काकी नारळ धरून तिथेच. कुणी धक्का दिला नाही, कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांचे नारळ झाले आणि ढोल सुरू झाला.

मी ओळीत तिच्या मागे होते. माझा नारळ घेतला. पाटलांनी पुकारलं, "भावेश नाखवाचा घर!" मोठ्याने. लोकांनी जल्लोष केला.

काकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. म्हणाली, "जा गो, पोली खा, उपाशी असशील." आणि नारळ पदरात गुंडाळून घराकडे गेली.

मी माझी पोळी आयला दिली. भावेश, मी तुला सोडून राहू शकत नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. आज असं वाटतंय की तुझ्यासोबत पण राहता येणार नाही. बाराव्या मजल्यावर मी रोज सकाळी नळ सोडणार आणि मला पदरातला तो नारळ दिसणार.

रंगपंचमीनंतर गावकी बसणार आहे, सुनावणीत कोण काय बोलणार ते ठरवायला. मी बोलणार आहे. नूतन नाही असं बोलणार आहे. तुला आधी कळवते, कारण तू मला आधी कळवलं नव्हतंस. मधल्या दिवसांत तू स्वतः आलास आणि स्वतः बोललास तर मी मागे उभी राहीन, शप्पथ, आई एकवीरेची. लोकांनी दगड मारले तरी हलणार नाही.

ये रे. एकदा माझं ऐक.

जागू

फाल्गुन वद्य नवमी

नाही आलास.

काल बोलले. बायकांच्या बाजूने उभी राहिले तेव्हा परेश म्हणाला, "वहिनी, तुमचा काय प्रश्न?" मी म्हटलं, प्रश्न नाही, उत्तर आहे. मी सगळं सांगितलं, वलांडीपाशी काय ऐकलं, काय समजले, नूतन कुठून आली. कॅलेंडरचं सांगितलं तेव्हा दोघंचौघं हसले, आणि हसता हसता थांबले. मी म्हटलं, तारीख चंदरकाकांनी नाही दिली. माझ्या नवऱ्याने दिली. 'माझ्या नवऱ्याने' म्हणताना कोपराने ढोसायला शेजारी कुणी नव्हतं, सगळ्या सरकल्या होत्या.

मला वाटलं होतं, काका काहीतरी बोलतील. माझ्यापाशी येतील, डोक्यावर हात ठेवतील. ते आले ते रागावूनच. "कशाला बोललीस? मना ठाव होता."

ठाऊक होतं, भावेश! होडीत ते साहेब लोक आपसात बोलले होते, भावेशने सांगितलं तसंच आहे, एकदम मोकळं. काकांनी त्याच दिवशी ओळखलं. मी म्हटलं, मग काका, तुम्ही तोंड का नाही उघडलंत? बर्फ नाही, बाजार नाही, काकीचा नारळ नाही, सगळं सोसलंत कशासाठी? तर म्हणाले, "तुजा मानूस बाईपायी गेलाय असा गाव बोलत व्हता. बाईपायी गेलेला परत येतो, पोरी. गावाचा चोर ठरलेला परत येत न्हाय. तुजा घर मोडला असता."

मग मात्र मी रडले. सगळ्यांसमोर, पदर न लावता.

पाटील उठून शकूकाकीच्या घरी गेले, नारळ मागायला. होळी विझून आठवडा झाला होता तरी गेले. काकीने दिला. मी असते तर डोक्यात घातला असता.

आपल्या घराला काय झालं ते विचारू नकोस. कुणी काही म्हटलं नाही. आज सकाळी मी बर्फाला गेले होते. बर्फ संपला होता.

आय माझ्याशी बोलत नाही. दोन ताटल्या काढते आता, आणि आपली घेऊन मागच्या पडवीत जाते. मी तिला दोष देत नाही. माझा नवरा आहे, तिचा तर मुलगा आहे. पण दिवसभर या घरात मला कुणी हाक मारत नाही. काल मी स्वतःच मोठ्याने म्हटलं, "जागू, दिवा लाव." आणि उठून लावला.

जागृती

चैत्र शुद्ध अष्टमी. भांग.

भावेश,

हा शेवटचा कागद. अल्पेशला पण आता त्रास होतो, आमच्या दारात टेम्पो थांबलेला लोकांना खपत नाही.

सुनावणीची तारीख निघाली. परेशने सांगितली तेव्हा मी आधी कॅलेंडर बघितलं, आता सवयच लागलीय. पौर्णिमा. उधाण. या वेळी तिथी कुणी ठरवून दिलेली नाही. त्या दिवशी शिरवेळची सगळी जाळी पाण्यात असणार आणि अर्धा गाव अलिबागला.

मी जाणार आहे, माझं नाव साक्षीत लिहिलंय. पण परेश म्हणाला, वहिनी, तुमचं वजन किती पडेल सांगता येत नाही. बायकोने बोंबलांच्या आडून ऐकलेलं एक वाक्य, त्यावर तिचा नवऱ्याशी बेबनाव. समोरचा वकील हसेल. मी ऐकलं एवढंच सांगू शकते. तारीख का दिलीस, कुणी मागितली, काय ठरलं होतं, ते तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तू बोललास तर सर्व्हे पुन्हा करावा लागेल, उधाणात. नाही बोललास तर त्या कागदावर आपला दर्या रिकामाच राहील.

नोकरी जाईल तुझी. फ्लॅट जाईल. गावात लगेच कुणी गळ्यात हार घालणार नाही, कदाचित कुणी पाणी पण विचारणार नाही. मी तुला फसवून बोलावत नाही, जे आहे ते लिहितेय.

चावी सोबत आहे, कागदाला बांधलीय. खूप दिवस खिळ्याला होती, दार उघडलं की वाऱ्याने हलायची आणि मला वाटायचं कोण आलं. म्हणून पण नको ती घरात.

काल चंदरकाका आले होते. आपल्या वर ओढलेल्या होडीतल्या कोंबड्या हाकलल्या, तळाला हात फिरवून बघितला, डांबर घालायला हवं म्हणाले आणि गेले. आज बघते तर दारात डांबराचा डबा. आणि संध्याकाळी मी हे लिहायला बसले तर आय पडवीतून आत आली. किती दिवसांनी बोलली. म्हणाली, "त्याला लिवतेस?" मी म्हटलं, व्हय. "मग लिव, आय जिती हाय." आणि तिथेच बसलीय, समोर, कागद कधी संपतो बघत.

तू मला किती वेळा भेटायला आलास, पण नेहमी भांगात. कोण बघायला नसायचं तेव्हा. मला तेव्हा त्यातच गंमत वाटायची. आता नाही वाटत. पुन्हा कधी भांगात आलास तर दार उघडणार नाही, आय रडली तरी नाही.

पौर्णिमेला ये. सगळी जाळी पाण्यात असताना, सगळ्या गावासमोर, अलिबागला. मी पहिल्या बाकावर असेन, शेजारी जागा धरून ठेवीन. कुणी बसायला आलं तर सांगेन, माझा नवरा यायचाय.

उधाणात ये, भावेश.

या नाही म्हणत. ये.